गावातली प्रेमकथा शूट करताना: क्रम कुठे चुकतो आणि कसा सुधारायचा

विदर्भात आता गावोगावी पोरं शॉर्टफिल्म करतात, आणि पहिली फिल्म बहुतेक वेळा प्रेमकथाच असते. कामाचा क्रम साधारण असा असतो: आधी गाणं ठरतं, मग कोणाकडे ड्रोन आहे याची चौकशी होते, मग हिरॉईन शोधतात, आणि गोष्ट शूटिंगच्या आदल्या रात्री चहाच्या टपरीवर जुळवतात. फिल्म पाहायला बसलं की दोघं नुसते चालताना दिसतात. पांदण रस्त्यानं चालतात, धुऱ्यावरून चालतात, तलावाच्या पाळीवर चालतात. ती हसते, तो केस मागे करतो. पाचव्या मिनिटाला बघणारा मोबाईल खाली ठेवतो.

कॅमेरा चांगला असूनही असं होतं. प्रेमकथेत प्रेक्षक प्रेम बघायला बसत नाही, ते कशानं अडलंय ते बघायला बसतो. म्हणून खालचा क्रम अडथळ्यापासून सुरू होतो आणि कॅमेरा बराच उशिरा येतो. पंधरा-वीस मिनिटांची फिल्म, मोबाईल किंवा साधा मिररलेस कॅमेरा आणि पाच-सहा जणांची टीम असं धरून लिहितोय.

उदाहरणाला एकच गोष्ट घेऊ. कांचन कापूस वेचायला येते. मंगेश वावराच्या मालकाचा मुलगा, शिकलेला. संध्याकाळी काट्यावर प्रत्येकीचं गाठोडं तोलून वहीत किलो लिहिणं हे त्याचं काम.

१. अडथळा एका वाक्यात लिहा

"घरचे नाही म्हणतात" हा अडथळा नव्हे, ती पळवाट आहे. कोण नाही म्हणतं, कशासाठी म्हणतं आणि त्या माणसाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर कसं आहे, हे लिहिता आलं पाहिजे. जात असेल तर जात लिहा. जमीन असेल तर किती एकर विरुद्ध शून्य, ते लिहा. बहिणीचं लग्न आधी व्हायचंय, कर्ज आहे, मुलीला नागपूरला नर्सिंगला जायचंय, ही सगळी चालणारी कारणं आहेत. गुंड भाऊ आणि मिशीवाला बाप मात्र आता कोणाला खरे वाटत नाहीत.

याच्या पुढची पायरी बहुतेकजण गाळतात. बाहेरच्या अडथळ्याच्या जोडीला आतला अडथळा हवा, म्हणजे दोघांपैकी एकाच्या स्वभावातली अशी गोष्ट जी त्यालाच आडवी येते. कांचनला कोणाची मेहरबानी चालत नाही. मंगेशला प्रेम दाखवायचा एकच मार्ग ठाऊक आहे, काहीतरी देऊन टाकणं. दोघं भले आहेत, तरी एकमेकांना टोचणारच. आता बापाला मधे आणला नाही तरी गोष्ट चालते.

तपासणी: अडथळा काढून टाकला तर दोघांचं लग्न दुसऱ्या दिवशी होईल का? "हो" असं उत्तर आलं तर अडथळा नेमका सापडला. "तरी काही सांगता येत नाही" असं आलं तर अजून लिहा.

सावधान: ती नाही म्हणते आणि तो महिनाभर तिच्या एसटीमागे मोटारसायकल घालतो, हा जुना साचा सोडा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे बाईचा पाठलाग करणं गुन्हा आहे, आणि गोष्टीच्या हिशोबानंही हा तोटाच. तिच्या नकाराला किंमत नसेल तर तिच्या होकारालाही उरत नाही.

२. अंतराचा तक्ता करा

वहीत उभे दोन रकाने पाडा. डावीकडे सीन, उजवीकडे त्या सीनमध्ये दोघांच्या शरीरात किती अंतर आहे ते. खरंच फुटात लिहा. पहिल्या सीनला ती वावराच्या एका टोकाला, तो दुसऱ्या. काट्यापाशी सहा फूट. भांडणाच्या वेळी दोन फूट, कारण रागात माणूस नकळत जवळ येतो. ताटातुटीला पुन्हा लांब. शेवटी जे काय असेल ते.

तक्त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, अंतर सरळ कमी-कमी होत गेलं तर फिल्म सपाट वाटते. मधे ते वाढलं पाहिजे. दोन, स्पर्श किती वेळा आहे. पहिल्या दोन मिनिटांत हात धरला तर पुढे तुमच्याकडे देण्यासारखं काही राहत नाही. वीस मिनिटांच्या फिल्मला एक स्पर्श पुरतो, तोही एखाद्या वस्तूतून आला तर बरा. मंगेशची वही कांचनच्या हातात जाते, एवढंच.

क्लोजअपचंही असंच राशन करा. पहिल्या भेटीतच चेहऱ्याचा मोठा क्लोजअप लावला तर शेवटच्या सीनला कॅमेरा आणखी कुठे जाणार? तक्त्यात तिसरा रकाना पाडून प्रत्येक सीनला जास्तीत जास्त किती जवळ जायचं ते आधीच लिहून ठेवा, आणि दोघं एकमेकांना "तुमी" वरून "तू" कुठल्या सीनला म्हणतात तेही.

३. हंगाम आधी धरा, तारीख मग

मुंबई-पुण्याच्या माणसाला ही अडचण कळत नाही. आपल्याकडे लोकेशन पंधरा दिवसांत बदलून जातं.

कापसाची वेचणी साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि जानेवारीपर्यंत वेचे, म्हणजे वेचणीच्या फेऱ्या, होत राहतात. पांढरंशुभ्र फुटलेलं वावर पाहून तुम्ही मंगळवारी लांबचा शॉट घेतला, आणि क्लोजअप पुढच्या रविवारी घ्यायला गेलात, तर मधल्या दिवसांत वेचा होऊन गेलेला असतो. मागे हिरवी-तपकिरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची रिकामी झाडं, उभी. एकाच सीनमध्ये ती पांढऱ्या वावरात बोलते आणि तो रिकाम्या वावरात उत्तर देतो. म्हणून कापसातला सीन त्याच दिवशी पूर्ण करा, किंवा शेतकऱ्याला विनंती करून वेचणी चार तास थांबवून घ्या आणि कापूस उशिरा निघाल्यानं नुकसान झालं तर ते भरून द्या. फुकटात अडवून ठेवू नका. एका पावसानं झाडावरचा कापूस भिजतो आणि भाव उतरतो.

बाकीचं कॅलेंडर थोडक्यात: सोयाबीन सप्टेंबरच्या शेवटी पिवळं पडून ऑक्टोबरात निघून जातं. तुरीला पिवळा फुलोरा नोव्हेंबर-डिसेंबरात. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, पण झाडागणिक थोडे दिवस, तेव्हा झाड आदल्याच वर्षी हेरून ठेवा. एप्रिल-मे नकोच. अकोला, चंद्रपूर, नागपूर, कुठेही पारा ४५ च्या घरात गेला की कलाकाराचा मेकअप, मोबाईल आणि डोकं तिन्ही एकदम बंद पडतात. मोबाईल तापून शूट थांबला की सावलीत ठेवा. थंड पाण्याच्या बाटलीला टेकवू नका, आत बाष्प धरतं.

उजेडाचं वेळापत्रक दिवसाच्या कामाच्या आधी बनवा. डिसेंबरात सूर्य साडेपाच ते सहाच्या दरम्यान मावळतो. सोनेरी उजेडाचा कामाचा वेळ त्याआधी जेमतेम अर्धा तास. एवढ्यात तीन-चार शॉट होतात, त्यापेक्षा जास्त मांडू नका. सूर्य कलाकाराच्या पाठीमागे ठेवा, म्हणजे केसांना कड येते आणि तो डोळे बारीक करत नाही. चेहऱ्यावर उजेड टाकायला पांढरा थर्माकोल पुरतो. थर्माकोल धरणारा पोरगा वाऱ्यात टिकेल असा निवडा.

सकाळी दव असेपर्यंत वेचणी होत नाही, बायका दव सुकल्यावरच वावरात उतरतात. पहाटेच्या धुक्यात कापूस वेचणारी नायिका दाखवलीत तर शहरात चालून जाईल, गावात हसतील.

४. माणसं, घरचे, परवानग्या

नायक-नायिका दोघंही १८ पूर्ण झालेले घ्या. कथेत कॉलेजची पोरं असली तरी कलाकार सज्ञान हवेत. आधारकार्डावरची जन्मतारीख स्वतः बघा. यात सवलत नाही. गोष्टीत लहान भाऊ-बहीण म्हणून १४ वर्षांखालचं मूल लागत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्या मुलाचं काम दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही.

मुलीच्या घरी तुम्ही स्वतः जा. फोनवर भागवू नका. पूर्ण गोष्ट सांगा, शेवटासकट, आणि कुठल्या सीनला किती जवळ येणं आहे ते तक्ता दाखवून सांगा. शूटिंगला तिच्या घरचं एक माणूस असू द्या आणि टीममध्ये किमान एक बाई हवीच. गावात "पोट्टी पिक्चरमध्ये हाये" ही बातमी फिल्मच्या आधी पसरते आणि तिचं लग्न जुळायचं असतं. हा धोका तुमच्यापेक्षा ती जास्त उचलतेय हे विसरू नका. ठरलेल्यापेक्षा एक इंचही जवळचा शॉट सेटवर ऐनवेळी मागायचा नाही.

झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांतले कलाकार मिळाले तर सोनं. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्यांत काम केलेला माणूस पाठांतराला पक्का असतो आणि रात्रभर थकत नाही. पण त्याची सवय मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची. कॅमेऱ्यापुढे तोच आवाज, तेच हातवारे अंगावर येतात. त्याला "कमी कर" असं सांगून उपयोग नसतो. समोरच्या पात्राला हातभर अंतरावर बसवा आणि शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय असं समजून बोलायला सांगा. दिवाळीनंतर त्यांचा हंगाम सुरू होतो, रात्री प्रयोग असतात. म्हणून तारखा आधी त्यांच्या घ्या.

परवानग्या: वावरमालकाची लेखी, ग्रामपंचायतीला पत्र, पोलीस पाटलाला माहिती. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन आणि जंगल यांना ज्या त्या खात्याची वेगळी परवानगी लागते. ताडोबा, पेंच, मेळघाट, बोर, नवेगाव-नागझिरा या व्याघ्र प्रकल्पांच्या आसपासच्या गावांत संध्याकाळचे सीन उरकून उजेडातच परत फिरा.

५. नजरेचा सीन: शॉट कोणत्या क्रमाने घ्यायचे

प्रेमकथेचं सगळं भांडवल इथं आहे, आणि चुकाही इथंच सगळ्यात जास्त होतात. म्हणून एक सीन पूर्ण उलगडून बघू.

संध्याकाळ. लिंबाच्या फांदीला काटा टांगलाय. बायका रांगेत, प्रत्येकीचं गाठोडं. कांचनचं गाठोडं चढतं. मंगेश वहीत लिहितो. ती वाकून वही बघते.

"बावीस काऊन लिहलं? वीस भरलं ना."
"काट्यावर भरलं तेच लिहलं."
"काटा मी बी पाह्यला. दोन खोडा."
"राहू दे ना."
"कोनाचे दोन किलो खाऊन राहिली मी? खोडा."
तो खोडतो.

प्रेमाचं एक अक्षर नाही, तरी दोघांचं काय चाललंय ते कळतं. मागे उभी असलेली म्हातारी तोंडाला पदर लावते, एवढं एक माणूस पुरे. आता शूट.

पहिला, सगळ्यांचा एकत्र लांबचा शॉट. पूर्ण संवाद सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कोण कुठे उभं, गाठोडं कुठल्या हातात, वही कुठे, हे यात पक्कं होतं. या शॉटचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, पुढे जुळवायला लागतो.

दुसरा, रेष आखणं. कांचनच्या डोळ्यांपासून मंगेशच्या डोळ्यांपर्यंत मातीत काडीनं खरंच रेघ मारा. कॅमेरा या रेघेच्या एकाच बाजूला राहील. पलीकडे गेलात की एडिटमध्ये दोघं एकमेकांकडे पाहण्याऐवजी एकाच दिशेला पाहताना दिसतात, आणि नजरानजर मोडते. उत्साही कॅमेरामन "इकडून उजेड छान आहे" म्हणून रेघ ओलांडतो. त्याला तिथंच थांबवा. उजेडच हवा असेल तर दोन्ही कलाकार फिरवा आणि सीन पहिल्यापासून घ्या.

तिसरा, ऐकणाऱ्याचा शॉट. बहुतेकजण बोलणाऱ्याचा क्लोजअप घेतात आणि ऐकणाऱ्याचा विसरतात. "दोन खोडा" हे ऐकताना मंगेशचा चेहरा त्या वाक्यापेक्षा मोलाचा आहे. दोघांचेही पूर्ण सीनभर ऐकतानाचे शॉट घ्या. संवाद संपल्यावर लगेच "कट" म्हणू नका. दहा आकडे मनात मोजा. नवखा कलाकार अभिनय संपल्यावर सैल होतो आणि नेमका तोच क्षण खरा निघतो.

चौथा, डोळ्याची उंची. मंगेश खाटेवर बसून लिहितोय, ती उभी आहे. मग त्याच्या शॉटमध्ये तो वर बघेल आणि तिच्या शॉटमध्ये ती खाली. एकट्याचा शॉट घेताना समोरचा कलाकार घरी पाठवायचा नाही. तो कॅमेऱ्याला चिकटून, त्याच उंचीवर बसेल. काठीला रुमाल बांधून "इकडे बघ" म्हटलं की डोळ्यांत काठीच दिसते.

पाचवा, वस्तू. पेनाची खोडलेली रेघ, काट्याची सुई, बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली तिची बोटं. हे शॉट शेवटी, उजेड उतरला तरी चालतात.

कॅमेऱ्याचे आकडे: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे घरातल्या दिव्याखाली हेच आकडे ठेवले तर लपलप येत नाही. मोबाईलवर फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर ती पुढे वाकली की मागचं आभाळ उगाच उजळतं-विझतं. मोबाईलच्या पोर्ट्रेट मोडनं मागचं धूसर करू नका, केसांच्या आणि पदराच्या कडा फाटतात. दोघांना पार्श्वभूमीपासून लांब उभं करा आणि टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स असेल तर ती वापरा.

तपासणी: पॅकअपच्या आधी त्या सीनचे सगळे शॉट आवाज बंद करून ओळीनं बघा. कोण कोणाकडे बघतंय हे आवाजाशिवाय कळत नसेल तर उजेड असेपर्यंत तो शॉट परत घ्या.

६. पाऊस, गाणं, स्लो-मोशन

पाऊस कॅमेऱ्यात दिसत नाही, त्याच्या मागून उजेड आला तरच दिसतो. खरा पाऊस धरायचा तर दारातून, ओसरीतून शूट करा. काळ्या मातीत गाडी घातलीत तर ट्रॅक्टर येईपर्यंत तिथंच.

सावधान: फवारणीचा पंप धुऊन त्यानं कलाकारांवर पाऊस पाडायचा, ही युक्ती गावात कोणीतरी सुचवतंच. अजिबात करू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. पंपाच्या नळीत, नोझलमध्ये औषध राहतं आणि ते धुऊन जात नाही. नवा कोरा झारी-पाईप घ्या, पाणी पिण्याचं वापरा.

गाणं हवंच असेल तर सिनेमाचं लावू नका. कॉपीराइटचा दावा लागतो आणि फिल्मचा आवाजच बंद होऊ शकतो. आपल्याकडे भुलाबाईची गाणी आहेत, कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर म्हणतात. परंपरेचं गाणं कोणाच्या मालकीचं नसलं तरी बाजारातलं रेकॉर्डिंग कंपनीचं असतं. त्यामुळे गावातल्या बाईकडून नव्यानं म्हणून घ्या, तिला विचारून, मानधन देऊन, नाव पाटीवर टाकून. गाण्यात गोष्ट पुढे सरकली पाहिजे. गाणं काढलं आणि काहीच हललं नाही, तर ते काढलेलंच बरं.

स्लो-मोशन पूर्ण फिल्ममध्ये एकदा. तो शॉट किमान ५० फ्रेमनं घ्या. २५ चा ताणून हळू केला तर धक्के बसतात.

७. शूटिंगचा क्रम

गोष्टीचा क्रम आणि शूटिंगचा क्रम वेगळा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि म्हणून सगळे सोयीनं शूट करतात. प्रेमकथेत थोडा आवर घाला. पहिली भेट पहिल्याच दिवशी घ्या, दोन कलाकार एकमेकांना खरंच बुजत असतात, तो बुजरेपणा नंतर विकत मिळत नाही. जवळिकीचा सीन शेवटच्या दिवशी, मोजक्या माणसांत. बघ्यांना पांगवण्यासाठी दुसऱ्या टोकाला ड्रोन उडवायचा हा उपाय चालतो, फक्त ती जागा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर उडवायला मोकळी आहे का ते आधी बघा.

भांडण सकाळी घेऊ नका. माणसं ताजी असतात, भांडण खोटं होतं. दुपारच्या जेवणाआधी घ्या.

८. आवाज

वावरात वारा आणि मोटारपंप, गावात लग्नाचा डीजे, रात्री रातकिडे. कॉलर माइक कुर्त्याच्या आत लावा, त्यावर कापसाचाच बोळा बसवला तर वाऱ्याची फडफड कमी होते. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून एक मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करा, एडिटला जोड झाकायला हाच लागतो. सीन झाल्यावर तिथंच दोघांना बसवून संवाद एकदा नुसते बोलून घ्या. घरी स्टुडिओत डबिंग केलेली वऱ्हाडी ऐकताना पुस्तकी होते, "करून राहिला" चं "करत आहे" कधी झालं ते कलाकारालाही कळत नाही.

९. एडिट

पहिला कट संगीताशिवाय करा. व्हायोलिन लावल्यावर कुठलाही शॉट बरा वाटतो आणि तुम्ही फसता. नजरेचा शॉट जेवढा वाटतो त्यापेक्षा थोडा जास्त धरा, आणि ऐकणाऱ्यावर कापा. संवाद निम्मे काढून बघा. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य असेल तर ते पहिलं काढा आणि सीन उभा राहतो का ते पाहा. राहत नसेल तर दुरुस्ती एडिटमध्ये नाही, दुसऱ्या पायरीच्या तक्त्यात आहे.

नंतर तीन जणांना दाखवा, टीमबाहेरच्या: एक म्हातारं माणूस, एक लग्न झालेली बाई, एक कॉलेजचा पोरगा. "आवडलं का" विचारू नका. "ती कुठं चिडली आणि काऊन?" एवढंच विचारा. तिघांची उत्तरं वेगवेगळी आली तर काट्याच्या सीनला परत जा.

यूट्यूबवर टाकणार असाल तर सबटायटल प्रमाण मराठीत टाका, वऱ्हाडी संवाद बदलू नका. थिएटरात तिकीट लावून दाखवायची असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र आधी घ्यावं लागतं. फाईल अपलोड करण्यापूर्वी एकदा साध्या मोबाईलच्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून ऐका. बहुतेक लोक ती तशीच ऐकणार आहेत, आणि "खोडा" हा शब्द त्यात ऐकू आला पाहिजे.